पायाची रंगीत तालीम

राधा सावंतच्या उजव्या गुडघ्याने गेली तीन वर्षं अख्ख्या घराला नाचवलं होतं. तिला स्वतःला मात्र एक पाऊल धड टाकता येत नव्हतं. आधी गुडघा झिजला म्हणून बदलला. मुलगा धनेश मागेच लागला होता, "आई, आजकाल सगळेच करतात, दोन महिन्यांत पळायला लागशील." राधा पळाली नाही, पण वर्षभर चांगली चालली. जिने चढली, लालबागला जाऊन मसाल्याच्या मिरच्या स्वतः निवडून आणल्या. मग एके दिवशी गुडघा गरम लागायला लागला, सुजला, थंडी वाजून ताप भरला. बसवलेल्या सांध्यात जंतू शिरले होते, आणि हे पाहुणे काही केल्या जायचं नाव घेईनात. दोनदा पाय उघडून आतून धुतला, सलाइनमधून औषधांचा मारा केला, आणि शेवटी तो नवा गुडघाच काढून टाकावा लागला. आता त्याच्या जागी औषध कालवलेल्या सिमेंटचा गोळा तात्पुरता बसवला होता, आणि राधा वॉकर धरून खाटेपासून मोरीपर्यंत येरझाऱ्या घालत होती. जग म्हणजे तेवढंच उरलं होतं.

परळच्या इस्पितळात डॉक्टर मृणालिनी यांनी तिला आणि धनेशला समोर बसवून सरळ सांगितलं, "रिपोर्ट चांगले आहेत. जंतू सध्या गप्प आहेत. पण पुन्हा नवा गुडघा बसवला तर ते परत डोकं वर काढतील अशी मला भीती वाटते. पाय ताठ धरणारे स्नायूही आता कामातून गेलेत. नव्या गुडघ्यात पुन्हा बिघडलं तर पाय मांडीपासून कापायची वेळ येऊ शकते. दुसरा मार्ग आहे. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड आत सळी घालून एकमेकांना जोडून टाकायचं. मग गुडघा असा राहणारच नाही. पाय दुमडणार नाही, पण दुखणारही नाही, आणि त्याच्यावर भार टाकून तुम्ही स्वतःच्या स्वतः चालाल."

"म्हणजे पाय कायम सरळ?" राधाने विचारलं.

"कायम."

"मग मी बसायचं कसं?"

धनेश मध्येच म्हणाला, "मॅडम, अजून एकदा बदलूया ना. दुसरीकडे पण विचारतो मी. पायाचा खांब करून घरात बसवायचं का तिला?" त्याचा आवाज चढला होता, पण तो रागावला होता स्वतःवर. पहिल्या ऑपरेशनचा हट्ट आपला होता ही गोष्ट तो विसरला नव्हता, आणि राधा त्याला विसर म्हणाली तरी विसरणार नव्हता.

डॉक्टर बाईंनी त्याला बोलू दिलं. मग राधाकडे वळून म्हणाल्या, "घाई नको. आपण तालीम करू. जखम भरलेली आहे, मी पायाला वरपासून खालपर्यंत प्लास्टर घालते. पंधरा दिवस हा पाय सरळ ठेवून घरात वावरून बघा. जेवणखाण, आंघोळ, झोप, सगळं. जमत नसेल तर तसं सांगा. मी आग्रह करणार नाही."

राधाने मान डोलावली. मनातल्या मनात तिने उत्तर तिथेच ठरवून टाकलं होतं. पंधरा दिवस कसेबसे काढायचे, परत यायचं आणि नाही जमत म्हणून सांगायचं. मग नवा गुडघा बसवा, पुढचं पुढे.

काळाचौकीची त्यांची खोली म्हणजे एक खोली आणि पुढे गॅलरी. त्यात राधा, धनेश, सून अक्षदा आणि राधाची नणंद मनू. लग्न होऊन आली तेव्हा याच खोलीत सात माणसं राहत होती. तेव्हापासून राधाला एक सवय लागली होती. कुणी उंबऱ्यात आलं की ती म्हणायची, "या या, मी घेते पाय." आणि खरोखरच पाय जवळ घेऊन, मांडी घालून, इतकी आटोपशीर बसायची की दोन माणसांची जागा व्हायची. नवरा दगडू गमतीने म्हणायचा, हिला घडी घालून फडताळात ठेवली तरी चालेल. बिचारा गेला त्याला आता आठ वर्षं झाली.

आणि आता हा पाय. पांढराफटक, जाडजूड, खोलीच्या मधोमध आडवा. घेते म्हटलं तरी घेता येईना.

बसलेल्या माणसाचा पाय ओलांडायचा नाही हे त्या घरात कुणाला शिकवावं लागलं नव्हतं. पहिल्याच सकाळी अक्षदा ऑफिसच्या घाईत होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि बोलता बोलता तिने राधाच्या पायावरून टांग टाकली. दाराबाहेर गेल्यावर लक्षात आलं. चपला काढून ती परत आत आली, उलट्या बाजूने पाय ओलांडला, दोष फेडला, राधाच्या प्लास्टरला हात लावून नमस्कार केला, आणि मग बघते तर पुन्हा आतच! पाय तिच्या आणि दाराच्या मध्ये तसाच आडवा.

"आई, आता मी बाहेर कशी जाऊ?"

राधा ढुंगण सरकवत, भिंतीला धरत वळेपर्यंत अक्षदाची बस गेली. पोरगी रागावली नाही, उलट हसली. राधाला मात्र ते हसू झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून ती खाटेच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसायला लागली, म्हणजे पाय खाटेच्या लांबीत जाईल आणि कुणाच्या वाटेत येणार नाही. भिंतीकडे बघत चहा, भिंतीकडे बघत जेवण. टीव्हीचा नुसता आवाज ऐकायचा.

"काय गे वयनी," मनू म्हणाली, "शिक्षा केलीय काय तुला मास्तरांनी?"

ही मनू म्हणजे दगडूची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोन खात्यात नोकरी केली, आणि आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून देता देता स्वतःचं बोलणं कधी आवरलं नाही. राधापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण नणंद म्हणजे मानाची. त्या मानाचा तिने पुरेपूर उपयोग करून घेतला होता.

या दोघींचं प्रेम कधी कुणी पाहिलं नाही. भांडण मात्र रोज दुपारी सगळा मजला ऐकायचा, कारण दोघी कॅरम खेळायच्या. राधा नवी नवरी असताना दगडूने मंडळातून जुना बोर्ड आणला होता. तेव्हा तो जमिनीवर पाटावर ठेवून मांडी घालून खेळायच्या. गुडघे कुरकुरायला लागल्यावर स्टँड आलं, स्टुलं आली. भांडणं तीच राहिली. जेवण आटोपलं, भांडी पालथी घातली, की पावडरचा डबा निघायचा. सव्वीस जानेवारीच्या चाळीच्या पूजेला बायकांच्या कॅरम स्पर्धेत बक्षीस यांच्याच घरात यायचं, प्रश्न एवढाच की दोघींतल्या कोणाकडे. राधाचा गुडघा उघडला तेव्हापासून बोर्ड कपाटामागे उभा होता. खालच्या मजल्यावरच्या बायकांनी मनूला खेळायला बोलावलं होतं. मनू म्हणाली, माझा हात दुखतो.

प्लास्टरचा आठवडा उलटल्यावर एका दुपारी राधाला गॅलरीतून ठक-ठक असा विचित्र आवाज आला. तिने मान वळवून दाराबाहेर पाहिलं. मनू चालत होती. एक पाय नेहमीसारखा आणि दुसरा फुटबॉल मारावा तसा सरळ पुढे फेकत. गाउनखाली पायाला दगडूचं क्रिकेटचं जुनं पॅड बांधलेलं, आणि पॅडमध्ये दोन लाकडी फूटपट्ट्या खोचलेल्या.

"मनू! काय हे?"

मनू पकडली गेली, पण वरमेल तर ती मनू कसली. "काय म्हणजे काय? बघत होते. स्टूल किती उंच लागेल, कसं बसलं की कंबर दुखत नाही. चार दिवस बघतेय. तू भिंत बघण्यात गुंग, तुला कशाला कळतंय."

राधाला एकदम भरून आलं. तिने ते लपवायला कपाळावर आठ्या घातल्या. "वेडी आहेस. लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हटलं वात आलाय. चल, ऊठ."

"मी नाही खेळणार. आणि बोर्ड लावणार कुठे? घरात माझा पाय मावत नाही, गॅलरीत लावला तर येणारा-जाणारा जाईल कुठून?"

"ते त्यांचं ते बघतील."

मनूने बोर्ड गॅलरीत कठड्याला चिकटवून लावला. स्टुलावर घडी घातलेली गोधडी ठेवून ते उंच केलं. राधा वॉकर धरून बाहेर आली, बसली. आता पायाचं काय? पाय बाहेरच्या बाजूला वळवला तर गॅलरीची उरलेली वाट पूर्ण बंद होत होती. राधाने तो मुकाट्याने बोर्डाखाली सरळ सारला.

मनू म्हणाली, "बाहेर काढ तो."

"राहू दे. वाट अडते लोकांची."

खेळ सुरू झाला. पहिले काही फटके राधाचे असे गेले की मनूलाही लाज वाटली. मग बोटांना जाग आली. एक पांढरी कडेने सुर्रकन गेली, दुसरी मनूच्या काळीला धक्का देऊन गेली. राणीवर नेम धरायला राधा जरा पुढे झुकली, आणि बोर्डाखाली प्लास्टरचा पाय मनूच्या पायाला लागला.

जन्माची सवय. नणंदेला पाय लागला! राधाने विचार करायच्या आत हात पुढे केला, बोर्डावरून वाकून मनूच्या खांद्याला लावला, तो आपल्या छातीशी नेला. आणि तिच्या गाउनवरच्या ओढणीने जाता जाता राणीसकट अर्धा बोर्ड पुसून नेला.

"फाउल!" मनू ओरडली. "फाउल! ड्यू काढ! राणी माझी!"

"फाउल कसला? नमस्कार केला मी तुला!"

"नमस्कार घरात करायचा. डावात नमस्कार केला की फाउल."

"हा कुठला नियम गे?"

"आजपासूनचा."

सोंगट्या पुन्हा आठवणीने मांडल्या, त्यावरून वेगळं भांडण झालं. चार फटके गेले न गेले तोच पाय पुन्हा लागला, राधाचा हात पुन्हा सुटला, ओढणीने पुन्हा सगळं सपाट केलं. तिसऱ्यांदा असंच झालं तेव्हा मनूने स्ट्रायकर उचलून पदरात, म्हणजे गाउनच्या खिशात, टाकला.

"वयनी, ऐक. हा पाय जन्मभर असा राहिला तर तू मला जन्मभर लाथा घालणार. दर लाथेला नमस्कार केलास तर एक डाव पुरा होईल काय आपला? एक तर लाथ मार नाहीतर पाया पड, दोन्ही एकदम नको. नाहीतर सरळ पाय बाहेर काढ."

"आणि वाट?"

"अडू दे वाट! चाळीस वर्षं सगळ्यांना वाट दिलीस. आता जरा अडव."

मनू हे ओरडून बोलली होती, भांडणात बोलतात तसं. राधाने मांडी दोन हातांनी धरून पाय हळूच बोर्डाखालून काढला आणि बाहेरच्या बाजूला वळवला. प्लास्टरचा खांब गॅलरीत आडवा पडला.

व्हायचं तेच झालं. शेवटच्या खोलीतल्या गंगुबाई धुण्याची बादली घेऊन आल्या आणि पायाशी येऊन थबकल्या. राधा गडबडीने वॉकरकडे हात टाकू लागली. "थांबा गंगुबाई, मी उठते."

"डाव चालू असताना उठलीस तर डाव माझा," मनू शांतपणे म्हणाली.

गंगुबाईंनी एकदा पायाकडे पाहिलं, एकदा बोर्डाकडे. बादली खाली ठेवली. "खेळा गो. माझं धुणं काय पळून जातंय? राणी बाकी आहे काय अजून?"

मागून आणखी कोणी आलं. तेही थांबलं. ओलांडायचा विचारसुद्धा कोणाच्या मनात आला नाही. पलीकडच्या खोलीतून एक खुर्ची निघाली, कोणीतरी चहा टाकला. प्रत्येक फटक्याला सल्ले सुरू झाले, तेही मोठ्यांदा. दिवेलागणीला अक्षदा कामावरून आली, गर्दीच्या मागे खांद्यावर पर्स तशीच ठेवून उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "आई, आधी ती कोपऱ्यातली घ्या, राणी कुठे जात नाही."

राधाने कोपऱ्यातली घेतली. मग राणी घेतली. मग कव्हर घेतलं. मजला दणाणला, मनू म्हणाली की हा डाव मोजायचा नाही, आणि तेव्हा कुठे राधाच्या ध्यानात आलं की गंगुबाईंनी बादली खाली ठेवल्यापासून तिला पायाची आठवणच झाली नव्हती. आठवडाभर तिने एकच विचार केला होता, पाय दुमडेल की नाही. लोक थांबतील का, हा विचार तिने कधी केलाच नव्हता. कोणी थांबणार नाही हे तिने धरूनच टाकलं होतं. ती फार खूश झाली, आणि थोडी रागावलीसुद्धा, स्वतःवर. इतकी वर्षं उगाच घाईघाईने पाय घेत राहिलो आपण.

उरलेल्या दिवसांत तालीम चांगली रंगली. मोरीत प्लास्टिकची उंच खुर्ची आली. जेवायला राधा दाराकडे तोंड करून बसू लागली, आणि घरात शिरणारा आधी विचारू लागला, "येऊ का?" कंबर दुखली, चिडचिडही झाली. जिना उतरताना हा पाय किती अडचणीचा आहे हेही कळलं. पण ते सगळं तिने मोजून पाहिलं आणि ते सोसण्याइतपतच निघालं.

इस्पितळात मनूही सोबत आली. प्लास्टर कापून झाल्यावर डॉक्टर बाईंनी विचारलं, "काय ठरलं?"

धनेशने मोबाइल काढला. दुसऱ्या दोन डॉक्टरांची नावं त्यात लिहून आणली होती. राधाने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "धनू, तेव्हा तू माझ्या भल्यासाठीच केलंस. त्यात तुझी काही चूक नाही, मी शंभरदा सांगितलंय, हे शेवटचं. आता मला बोलू दे." मग ती डॉक्टरांना म्हणाली, "जोडून टाका."

"नक्की? एकदा जोडला की परत वाकणार नाही."

"नक्की. फक्त एक विचारायचं होतं. पाय जोडताना थोडा बाहेरच्या बाजूला वळवून जोडता येईल का?"

डॉक्टर बाई चकित झाल्या. "तसंही पाऊल आम्ही किंचित बाहेरच वळवून ठेवतो, चालायला बरं पडतं. पण तुम्ही का विचारताय?"

"समोर नणंद बसते," राधा म्हणाली.

डॉक्टर बाईंना काही कळलं नाही. मनूला कळलं. ती एकदम उठली आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली, आणि बराच वेळ आली नाही. धनेशने मोबाइल खिशात ठेवला आणि आईचा पाय, तो सुरकुतलेला, आठ ठिकाणी शिवलेला पाय, दोन्ही हातांनी धरून हळूच स्टुलावर नीट ठेवला.

ऑपरेशन सोपं नव्हतं, आणि नंतरचे महिनेही नव्हते. हाडं सावकाश जुळली. रक्त तपासायला दिलं की मनू दिवसभर कोणाशी भांडायची नाही, यावरून काय ते समजावं. पण जंतू परतले नाहीत. पाय बोटभर आखूड झाला होता, त्यासाठी चपलेला जाड टाच बसवून घेतली. दिवाळीनंतर एके सकाळी राधा नुसती काठी घेऊन गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि गंगुबाईंच्या दारात उभी राहून म्हणाली, "धुणं झालं काय?" दुखलं नाही. कुठेच दुखलं नाही. परत येताना ती रडत होती आणि पुसायला थांबावंसं वाटलं नाही, म्हणून तशीच चालत आली.

सव्वीस जानेवारीला चाळीची पूजा होती. सकाळपासून नुसती धावपळ. बायकांच्या स्पर्धेचा शेवटचा डाव दुपारी गॅलरीत सुरू झाला तेव्हा समोरासमोर कोण होतं हे सांगायला नको. बोर्डाबाहेर वळवलेला उजवा पाय वाटेत आडवा होता. इतक्यात चाळ कमिटीचे शामराव चौरंगाला बांधायचे केळीचे खांब खांद्यावर घेऊन घामाघूम होऊन आले.

"राधावहिनी, भटजी येऊन बसलेत खाली. पाय जरा घेता का?"

राधाने वर पाहिलं. क्षणभर तिचं अंग जुन्या सवयीने आखडलं. मग तिने स्ट्रायकर रेषेवर ठेवला, बोट लावलं आणि म्हणाली, "जरा थांबा शामराव. राणी आहे."

मनूने समोरून बोर्डावर थोडी पावडर टाकली. शामरावांनी खांब भिंतीला टेकवून ठेवले आणि कुठे आहे राणी म्हणून वाकून बघू लागले.